केळीच्या धाग्यावर कॉस्टिकची प्रक्रिया: किती, केव्हा आणि कशासाठी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यात आपले छोटे युनिट आहे. केळीच्या खोडापासून काढलेल्या धाग्याची मॅट करून, ती साध्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये (रसायन घातल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या द्रवात) हाताने बसवून आपण पार्टिशनची पॅनेले आणि टेबलांचे पृष्ठभाग तयार करता. उन्हाळ्यात केलेला माल चांगला टिकला, पण पावसाळ्यात केलेल्या पॅनेलांच्या कडा दोन महिन्यांत फुगल्या, आणि एक पॅनेल मोडून पाहिले तेव्हा धागे रेझिनमधून सरळ उपसून आले. उपाय म्हणून कोणीतरी धागा १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात २४ तास भिजवायला सांगितले. तसे केल्यावर धागा तपकिरी पडला, त्याचा गुंता झाला आणि तो बोटांनी ओढताच तुटू लागला. कॉस्टिकचे नेमके प्रमाण किती ठेवावे, की त्याऐवजी सायलेन (धागा आणि रेझिन यांना रासायनिक रीतीने जोडणारे द्रव्य) वापरावे, असे आपण विचारता.

मी वीसहून अधिक वर्षे ताग, घायपात, काथ्या आणि केळीचा वाख रेझिनमध्ये बसवण्याचे काम करतो. या काळात हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याला एक टक्केवारी हवी असते. टक्केवारी मी पुढे देतोच. परंतु आपण जे वर्णन केले आहे त्यात तीन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि त्यांतला फक्त एक कॉस्टिकने सुधारतो. म्हणून आधी मोडलेली कड नीट पाहावी लागेल.

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्या आणि मोडलेल्या पॅनेलचे दोन्ही तुकडे समोरासमोर धरा. एका तुकड्यातून चार-पाच मिलिमीटर लांबीचे धागे स्वच्छ, गुळगुळीत बाहेर आलेले असतील आणि समोरच्या तुकड्यात त्यांच्या जागी तितकीच गुळगुळीत भोके असतील, तर रेझिनने धाग्याला वेढले होते पण पकडले नव्हते. हा पृष्ठभागाचा दोष आहे. धाग्यांचा झुबका आतून पांढरा व कोरडा दिसला, तर रेझिन झुबक्याच्या आत शिरलेच नव्हते. तिथे धाग्यावर कितीही रसायन केले तरी उपयोग नाही, मॅट मोकळी करावी लागेल, रेझिन पातळ घ्यावे लागेल आणि रोलर अधिक फिरवावा लागेल. धाग्याच्या अंगाला चिकटून बारीक बुडबुड्यांची ओळ दिसली, तर धागा ओला होता आणि रेझिन घट्ट होऊ लागताना निघालेल्या उष्णतेने त्यातले पाणी वाफ होऊन बाहेर आले. पावसाळ्यातच माल बिघडला असे आपण स्वतः लिहिले आहे. त्यामुळे ही तिसरी खूण आपल्या पॅनेलांत नक्की सापडेल असे मला वाटते.

पाण्याची बाब प्रथम सांगतो, कारण तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वनस्पतीचा प्रत्येक धागा मुख्यतः सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजच्या साखळीतील प्रत्येक ग्लुकोज कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याला ओढतात. त्याच्याभोवती असलेले हेमिसेल्युलोज तर त्याहून अधिक पाणी धरते. ताग व्यापारात कोरड्या वजनावर १३.७५ टक्के ओलावा रीतसर हिशेबात धरला जातो. म्हणजे १०० किलो कोरड्या तागासोबत पावणेचौदा किलो पाणी येते आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. केळीचा धागाही त्याच जातकुळीचा आहे. भट्टीतून नुकतीच काढलेली १०० ग्रॅमची लड जुलै महिन्यात उघड्या तराजूवर ठेवा आणि समोर बसून आकडा पाहा. आकडा आपल्या डोळ्यांदेखत चढत जातो. ही लड तासाभराने साच्यात घातली तर ती सकाळी वाळवली होती या गोष्टीला काही अर्थ उरत नाही.

हे पाणी तीन प्रकारे नुकसान करते. एक, ते धागा आणि रेझिन यांच्यामध्ये थर होऊन बसते आणि रेझिनला पृष्ठभागापर्यंत पोहोचू देत नाही. दुसरे, पॉलिएस्टरच्या घट्ट होण्यात ते अडथळा आणते, त्यामुळे धाग्यालगतचे रेझिन मऊ राहते. तिसरे नुकसान नंतर कळते. ओला धागा लांबीत फारसा बदलत नाही, पण आडव्या दिशेने फुगतो. तो फुगलेल्या अवस्थेत रेझिनमध्ये बंद झाला आणि पुढे हिवाळ्यात वाळला, की आक्रसून रेझिनपासून सुटतो. त्याच्याभोवती केसाएवढी पोकळी तयार होते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच पोकळीतून पाणी केशाकर्षणाने आत ओढले जाते. कडा फुगतात त्या अशा. म्हणून मॅट १०० ते १०५ अंश सेल्सिअसला तीन-चार तास, किंवा ८० अंशांना रात्रभर वाळवावी, गरम असतानाच जाड पॉलिथिनच्या पिशवीत बंद करावी आणि रेझिन कालवून झाल्यावरच पिशवी उघडावी. उन्हात वाळवलेला धागा हाताला कोरडा लागतो, पण रेझिनच्या दृष्टीने तो कोरडा नसतो.

दुसरी बाब धुण्याची. केळीचा चीक कापडाला लागला तर डाग जात नाही, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. त्या चिकात टॅनिन आणि इतर फेनॉल वर्गातील पदार्थ असतात, हवेत ते काळे पडतात आणि धाग्यावर घट्ट बसतात. पॉलिएस्टर रेझिन मुक्तमूलकांच्या (अतिक्रियाशील अर्धवट रेणूंच्या) साखळीने घट्ट होते आणि फेनॉल वर्गातील पदार्थ नेमकी तीच साखळी तोडतात; रेझिन साठवणुकीत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यात त्यात हायड्रोक्विनोन घालतात, तोही याच वर्गातला. म्हणजे न धुतलेला धागा रेझिनमध्ये घालताना आपण त्याच्या पृष्ठभागावर, अगदी जिथे रेझिन सर्वांत घट्ट व्हायला हवे तिथेच, ते घट्ट होऊ न देणारा पदार्थ नेऊन ठेवत असतो. सोपट (खोडाचा सुटा पापुद्रा) यंत्रातून निघाल्याबरोबर, चीक वाळण्याआधी, धागा वाहत्या पाण्यात चोळून धुवावा आणि त्याला चिकटलेला गर फणीने किंवा हाताने झटकून काढावा. दुसऱ्या दिवशी दहापट पाण्यात धुतले तरी ते काम तितके चांगले होत नाही. माझ्या मते केळीच्या धाग्यावरची निम्मी पृष्ठभाग-प्रक्रिया इथेच, यंत्राच्या शेजारच्या टाकीत, बिनखर्चात होते किंवा कायमची चुकते.

आता कॉस्टिककडे येऊ. ज्याला आपण एक धागा म्हणतो तो प्रत्यक्षात अनेक पेशींची जुडी असतो. एकेक पेशी काही मिलिमीटर लांबीची, आत पोकळ, आणि तिच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू मळसूत्रासारखे गुंडाळलेले. या पेशी लिग्निन, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांच्या मिश्रणाने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि बाहेरून मेणाचा पातळ थर असतो. केळीच्या धाग्यात सेल्युलोज साधारण ६० ते ६५ टक्के असते. बाकीचा सुमारे एकतृतीयांश भाग म्हणजे हे चिकट द्रव्य, मेण, राख आणि इतर. सौम्य कॉस्टिक प्रथम मेण, पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज काढते आणि थोडे लिग्निन हलवते. त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होतो, जुडी अंशतः उकलून बारीक होते, रेझिनला धरायला जागा मिळते आणि सर्वांत अधिक पाणी पिणारा घटक कमी होतो. इतके झाले की थांबायचे असते.

न थांबल्यास काय होते ते आपण पाहिलेच आहे. २४ तासांच्या १० टक्के द्रावणाने पेशींना जोडणारे द्रव्य आतपर्यंत विरघळवले. धागा लांब दिसत असला तरी त्यातल्या पेशी काही मिलिमीटरच्या आहेत. त्यांना जोडणारा गोंदच गेल्यावर जुडीला ताकद कुठून येणार? तपकिरी रंग हा लिग्निनच्या बदललेल्या अवशेषांचा, आणि गुंता हा आकुंचनाचा. शिवाय तीव्र अल्कली सेल्युलोजच्या स्फटिकरचनेतच बदल घडवते. जॉन मर्सर या इंग्लिश कापड-रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये ज्या प्रक्रियेचे पेटंट घेतले तिच्यात सुती कापड तीव्र कॉस्टिकमध्ये फुगते व आक्रसते. त्यावरूनच मर्सरायझेशन हा शब्द आला. कापसात लिग्निन जवळजवळ नसते, त्याची एकेक पेशी स्वतंत्र आणि लांब असते, म्हणून त्याला तीव्र द्रावण मानवते. त्याची पद्धत जुडीच्या धाग्याला जशीच्या तशी लावणे ही मोठी चूक आहे, आणि दुर्दैवाने दोन्ही प्रक्रियांना एकच नाव असल्याने ती वारंवार होते.

प्रमाणाविषयी माझे मत असे आहे. चांगल्या धुतलेल्या केळीच्या धाग्याला खोलीच्या तापमानाला २ ते ५ टक्के कॉस्टिक आणि अर्धा ते दोन तास एवढे पुरते. आपल्या धाग्याची जात, खोडाचे वय आणि यंत्राचा घासा वेगळा असणार, म्हणून १, ३ आणि ५ टक्क्यांच्या तीन लहान बादल्या करा, प्रत्येकीत एक तास धागा ठेवा आणि प्रक्रियेआधीचे व नंतरचे भट्टीत वाळवलेले वजन मोजा. वजनातली घट हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक माप आहे. घट दोन-तीन टक्केच असेल तर फक्त मेण आणि मळ गेला. ती सेल्युलोजेतर भागाच्या, म्हणजे एकतृतीयांशाच्या, जवळ जाऊ लागली तर आपण जुडी मोडून टाकली. या दोहोंच्या मधे, आणि मी म्हणेन खालच्या टोकाकडे, आपला धागा सर्वांत कामाचा असतो. लडी बादलीत सैल कोंबू नका. दांडीवर टांगून खाली हलके वजन बांधा. कॉस्टिकमध्ये धागा आक्रसतो, आणि सैल धागा आक्रसून कुरळा झाला की मॅटमध्ये तो भार घेण्याआधी सरळ व्हायलाच काही ताण खर्च करतो. पॅनेलचा ताठपणा तिथे जातो.

हिशेबाचाही विचार करा. धाग्याच्या विसपट द्रावण लागते. म्हणजे एक किलो धाग्याला वीस लिटर, आणि ५ टक्के प्रमाणाने त्यात एक किलो कॉस्टिक. धाग्याइतक्याच वजनाचे रसायन! १० टक्क्यांना ते दोन किलो होते. म्हणून द्रावण एकदा वापरून फेकू नये. दर वेळी थोडा नमुना फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारे सूचक) घालून आम्लाने मोजावा, जेवढे कॉस्टिक खर्च झाले तेवढे भरावे आणि द्रावण गडद होईपर्यंत चार-पाच फेऱ्या काढाव्यात. उरलेले काळे पाणी नाल्यात किंवा शेतात सोडणे हे बेकायदा तर आहेच, पण केळीच्याच जमिनीचा त्यात नाश आहे. देशातील सामान्य निकषांप्रमाणे बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो, आणि केवळ आम्ल घालून पीएच उतरवल्याने त्यातला सेंद्रिय भार कमी होत नाही. प्रक्रिया सुरू करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा आणि लहानशा शुद्धीकरण टाकीचा खर्च हिशेबात धरावा. कॉस्टिकचे फ्लेक्स नेहमी पाण्यात घालावेत, फ्लेक्सवर पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, कारण कॉस्टिक ते खाते आणि हायड्रोजन निघतो. आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसलेल्या माणसाला त्या टाकीजवळ उभे राहू देऊ नये.

धुण्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा मोठा फटका खाल्ला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कामासाठी घायपाताच्या वाखावर कॉस्टिकची प्रक्रिया केली होती. धागा तीन पाण्यांतून काढला, शेवटच्या पाण्याला लिटमस लावून पाहिला, तो तटस्थ आला, आणि आम्ही निश्चिंत झालो. साच्यातून निघालेली पॅनेले आठवडाभर हाताला चिकट लागत राहिली आणि महिन्याभरात धाग्यांच्या रेषेने पांढुरकी झाली. पाणी तटस्थ होते, धागा नव्हता. पेशींच्या पोकळीत अडकलेले कॉस्टिक हळूहळू बाहेर येत होते, आणि पॉलिएस्टर म्हणजे एस्टर बंधांची साखळी. अल्कली ती साबणासारखी फोडत होती. तेव्हापासून मी पद्धत बदलली. दोन पाणी झाल्यावर धागा १ टक्का ॲसेटिक आम्लात दहा मिनिटे ठेवतो, पुन्हा धुतो, आणि मग पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्यात स्वस्थ सोडतो. त्यानंतर लडीचा मधला भाग पांढऱ्या बशीवर पिळून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकतो. गुलाबी छटा दिसली तर पुन्हा धुणे. सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल या कामाला वापरू नये. त्याचा अंश राहिला तर भट्टीत तेच आम्ल सेल्युलोजची साखळी तोडते आणि धागा ठिसूळ होतो.

कॉस्टिकच्या मर्यादेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ते पृष्ठभाग मोकळा आणि खडबडीत करते, परंतु धागा आणि पॉलिएस्टर यांच्यात रासायनिक बंध निर्माण करत नाही. उलट मेण निघून गेल्याने हायड्रॉक्सिल गट अधिक उघडे पडतात. हेमिसेल्युलोज गेल्यामुळे पाणी कमी शोषले जाते आणि गट उघडे पडल्यामुळे ते अधिक शोषले जाऊ शकते. यांपैकी काय वरचढ ठरेल हे प्रक्रियेच्या तीव्रतेवर अवलंबून असते. म्हणूनच दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात आणि दोन्ही खरे असू शकतात.

इथे सायलेनचा प्रश्न येतो. काचतंतूची मॅट आपण दुकानातून आणतो तेव्हा तिच्यावर कारखान्यातच सायलेनचा लेप असतो. म्हणून तिच्याबाबत आपल्याला कधी विचार करावा लागत नाही, आणि नैसर्गिक धाग्याकडूनही आपण नकळत तीच अपेक्षा करतो. सायलेनच्या रेणूचे एक टोक पाण्याच्या संपर्काने सिलॅनॉल होऊन धाग्याच्या हायड्रॉक्सिल गटांना जाऊन बसते, दुसरे टोक रेझिनच्या साखळीत गुंफले जाते. म्हणून दुसरे टोक रेझिनप्रमाणे निवडावे लागते. पॉलिएस्टरसाठी मेथॅक्रिलॉक्सी किंवा व्हिनाइल गटाचे सायलेन हवे. एपॉक्सीसाठी अमिनो किंवा ग्लायसिडॉक्सी गटाचे. दुकानदाराकडे जे असेल ते सायलेन आणले, असे मी अनेकदा ऐकतो. अमिनो सायलेन लावलेला धागा साध्या पॉलिएस्टरमध्ये घातला तर पैसे खर्च होतात आणि अपेक्षित गुंफण होत नाही.

मेथॅक्रिलॉक्सी सायलेनचे द्रावण असे करतात. पाण्याचा पीएच ॲसेटिक आम्लाने ४ च्या आसपास आणायचा, ढवळत ढवळत धाग्याच्या वजनाच्या सुमारे १ टक्का सायलेन सोडायचे. सुरुवातीला ते तेलाच्या थेंबांसारखे वेगळे राहते आणि पाणी गढूळ दिसते. ढवळत राहिले की काही वेळाने द्रावण एकदम स्वच्छ होते. गढूळपणा जाणे ही जलविघटन झाल्याची खूण आहे, आणि त्याआधी धागा घालू नये. तेच द्रावण पुढे ठेवून दिले तर पुन्हा धूसर होऊ लागते, कारण सिलॅनॉल आता आपापसात जोडले जात असतात. ते द्रावण टाकून द्यावे. धागा अर्धा ते एक तास बुडवून, निथळून, १०० ते ११० अंशांना वाळवावा. ही उष्णता केवळ वाळवण्यासाठी नाही. थंड अवस्थेत सिलॅनॉल सेल्युलोजवर केवळ टेकलेला असतो. पाणी निघून जाताना उष्णतेनेच तो बांधला जातो. सायलेन वाढवून पकड वाढत नाही. जादा झालेले सायलेन आपापसात जुळून धाग्याभोवती ठिसूळ कवच करते आणि पॅनेल त्या कवचातच फुटते.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. काचेवर सायलेनचा जो बंध बसतो तो सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा असतो. सेल्युलोजवर सिलिकॉन-ऑक्सिजन-कार्बन असा, आणि हा दुसरा बंध पाण्यापुढे कमकुवत आहे. सायलेनने आपल्या पॅनेलचा पावसाळा सुसह्य होईल, पण काचतंतूसारखी बेफिकिरी मिळणार नाही.

इतर उपायांविषयी थोडक्यात. धाग्याचे पाणी पिणे मुळातून कमी करणारी प्रक्रिया म्हणजे ॲसेटिलीकरण. लाकडावर ती मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली आहे. पण तिला ॲसेटिक ॲनहायड्राइड लागते, आणि ते भारतात अंमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित रसायन आहे. त्याची नोंदणी आणि हिशेब ठेवण्याचा व्याप लहान युनिटने ओढवून घेऊ नये. परमँगनेट आणि पेरॉक्साइडच्या प्रक्रिया प्रयोगशाळेत चांगले आकडे देतात, पण आपल्या कामाला मी त्या सुचवणार नाही. प्लाझ्मा आणि कोरोना या विजेच्या विसर्गाने पृष्ठभाग बदलणाऱ्या कोरड्या पद्धती स्वच्छ आहेत. मात्र यंत्र महाग असते आणि परिणाम साठवणुकीत ओसरत जातो. पुढे कधी आपण पॉलिप्रॉपिलीनकडे वळलात तर सगळा विचार बदलतो. तिथे धाग्यावर लेप देण्याऐवजी प्लास्टिकमध्येच मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन ३ ते ५ टक्के मिसळतात, आणि धागा करपू नये म्हणून तापमान २०० अंशांच्या खाली राखतात. केळीच्या धाग्यावरचे माझे आकडे काथ्याला लावू नयेत हेही सांगतो. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर असते, त्याच्या सूक्ष्म तंतूंचा पीळ तिरका असल्याने तो खूप ताणला जातो, आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक गाठी कॉस्टिकने निघाल्यावर जे खड्डे राहतात त्यांत रेझिन रुतते. सिंधुदुर्गातले कोणी काथ्यावर ५ टक्क्यांहून तीव्र द्रावण वापरत असेल तर ते त्याच्या धाग्यासाठी योग्य असू शकते.

सुधारणा झाली की नाही हे ठरवताना दोन फसवणुकींपासून सावध राहावे लागते. एकल धाग्याची चाचणी घेतली की कॉस्टिकनंतर ताणबळ वाढलेले दिसते. ताणबळ म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. प्रक्रियेने धागा बारीक झाला. तो तेवढ्याच भाराला तुटला तरी भागाकार मोठा येतो. म्हणून तुटण्याचा प्रत्यक्ष भार ग्रॅममध्ये वेगळा लिहून ठेवा. तो बराच घसरला असेल तर वाढलेल्या ताणबळाचा आनंद मानू नका. नैसर्गिक धाग्यांतली विविधता एवढी असते की प्रत्येक गटात किमान तीस धागे तोडल्याशिवाय सरासरीवर विश्वास ठेवता येत नाही. दुसरी फसवणूक पॅनेलमध्ये होते. प्रक्रिया केलेली मॅट मऊ असते, दाबली की अधिक बसते आणि कमी रेझिन पिते. तेवढ्याच थरांच्या पॅनेलमध्ये धाग्याचे प्रमाण वाढते आणि वाकवणीचे बळ त्यामुळे वाढते. श्रेय मात्र पकडीला दिले जाते. दोन्ही पॅनेलांत धाग्याचे वजन-प्रमाण आणि जाडी सारखी असल्याखेरीज तुलना करू नये. यात मी स्वतः काही वर्षे चुकलो, आणि जुन्या वह्या पुन्हा तपासताना बऱ्याच सुधारणा या केवळ अधिक धाग्याच्या होत्या असे दिसून आले.

आणखी एक प्रश्न ग्राहकाच्या बाजूने विचारावा. पकड फार घट्ट झाली की तडा धाग्यापाशी न थबकता त्याला कापत सरळ पुढे जातो. धागे थोडे उपसले जाताना जी ऊर्जा खर्च होते तीच आघातातला चिवटपणा देते. टेबलाच्या पृष्ठभागाला ताठपणा आणि पाण्यापासून संरक्षण हवे, तिथे घट्ट पकड योग्य. पार्टिशनच्या खालच्या पट्टीला, जिथे रोज खुर्च्या आदळतात, तिथे थोडी सैल पकड चालेल, किंबहुना बरी. वाकवणीसोबत आघाताची चाचणीही करून घ्या. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, धाग्याच्या चाचण्यांविषयी तिथे चौकशी करता येईल, आणि पॅनेलांच्या चाचण्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत होतात.

आपल्या कामाचा क्रम मी असा ठेवीन. पहिल्या तुकडीत कॉस्टिक आणि सायलेन दोन्ही नको; फक्त यंत्राशेजारी तत्काळ धुणे, भट्टीत वाळवणे आणि बंद पिशवी. दुसऱ्या तुकडीत यावर ३ टक्के कॉस्टिकचा एक तास. तिसरीत त्यावर मेथॅक्रिलॉक्सी सायलेन. तिन्हींत धाग्याचे प्रमाण एकच ठेवा. पहिल्या आणि आजच्या मालातला फरक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीतल्या फरकापेक्षा मोठा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. पॅनेल कापल्यावर प्रत्येक कडेवर पातळ रेझिनचे दोन हात द्यायचे, कारण कापलेली कड म्हणजे हजारो उघड्या नळ्यांची तोंडे आहेत आणि धाग्यावरची कोणतीही प्रक्रिया ती बुजवत नाही. कडा बंद केल्यावर पॅनेल ६० ते ८० अंशांना काही तास ठेवले तर रेझिन पूर्ण घट्ट होते.

त्यानंतर प्रत्येक तुकडीच्या दहा पट्ट्या कापा, त्यांच्याही कडा बंद करा आणि त्यांचे वजन लिहून ठेवा. पाच पट्ट्या लगेच वाकवून मोडा, पाच पाण्यात बुडवा. प्लास्टिकने किती पाणी शोषले ते मोजण्याच्या एएसटीएम डी ५७० या अमेरिकी मानकात २४ तास बुडवण्याची पद्धत आहे, पण आपल्या मालाला ती अपुरी आहे. वजन वाढणे थांबेपर्यंत, साधारण महिनाभर, पट्ट्या पाण्यातच ठेवा. मग बाहेर काढून, भट्टीत मूळ वजनापर्यंत वाळवून, त्याही वाकवून मोडा. ओल्या अवस्थेतली घट काही प्रमाणात पाण्याने येणाऱ्या मऊपणाची असते आणि ती वाळल्यावर भरून येते. वाळवल्यावरही जे बळ परत येत नाही, तेवढी पकड सुटली असे समजावे, आणि त्या तुटलेल्या कडेवर भिंग धरून धागे उपसले आहेत की तुटले आहेत ते पुन्हा पाहावे. आधीच फुगलेल्या पॅनेलांची पकड मात्र परत येत नाही. त्यांच्या कडा फुगवटा संपेपर्यंत कापून, उरलेला भाग वाळवून आणि कडा बंद करून घरातल्या कोरड्या जागेसाठीच द्या.